विम्यापुरती मावशी

घरात राहतं कोण, एवढाच प्रश्न होता. पण गेल्या काही दिवसांत तो भिंग्याला इतक्या जणांनी विचारला होता की नुसता 'घर' शब्द कानावर पडला तरी तो दचकायचा.

भिंग्या हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून तो काचा घासायचा, म्हणून ते चिकटलं, आणि चिकटलं ते चिकटलंच. दुपारी दुकान जरा थंडावलं की तो घासायचं यंत्र बंद करायचा, डबा उघडायचा आणि एका हातानं जेवत दुसऱ्या हातानं विमा कंपन्यांना फोन लावायचा.

"घर तुमच्याच नावावर आहे?"

"हो, माझ्याच."

"राहता तुम्हीच?"

"नाही. भाड्यानं दिलंय."

"भाडेकरू काय करतात?"

"मेणबत्त्या."

"विकतात?"

"बनवतात."

"घरातच?"

इथं आलं की भिंग्या घास हातातच धरून ठेवायचा. "घरातच," तो हळूच म्हणायचा, जसं काही हळू बोललं म्हणजे मेण कमी तापणार होतं. मग पलीकडची बाई "थांबा हं" म्हणून फोनवर गाणं लावून द्यायची आणि परत येऊन असा काही आकडा सांगायची की भिंग्याला डब्यातली भाजी कडू लागायची. एकीनं तर आकडाही सांगितला नाही. "मेणबत्त्या? जिना लाकडी आहे म्हणालात ना?" असं म्हणून ती चक्क हसली. हसायला काय झालं होतं तिला, देव जाणे.

आता हा माणूस विम्याच्या मागे असा हात धुऊन का लागला होता, ते सांगायला हवं. त्यानं बँकेचं कर्ज काढून एक घर घेतलं होतं. घर कसलं, काडेपेटी. खाली नुसता जिना आणि अडगळ, वर एक लांबट खोली आणि मागे स्वयंपाकघर. स्वस्तात मिळालं, कारण आत भाडेकरू बसलेली होती. "घरावर भाडेकरू फुकट," असं दलाल म्हणाला होता. भाड्यातून कर्जाचा हप्ता जायचा, कर्ज फिटलं की वर एक मजला चढवायचा आणि आपण तिथं राहायला जायचं, असा बेत होता. तोवर भिंग्या, बायको आणि दोन मुली दुसऱ्याच्या स्वस्तातल्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होते. स्वतःचं घर लोकांना भाड्यानं आणि आपण लोकांच्या घरात भाड्यानं! हसा, खुशाल हसा. बायकोच्या माहेरचे सगळे हसून झाले होते.

कर्ज देताना बँकेनं अट घातली होती की घराला कायम विमा हवा. इतकी वर्षं एक जुनी कंपनी काही न विचारता विमा करून देत होती. पण मागच्या गल्लीत एका स्वयंपाकघरात आग लागली, घर जळालं, आणि कंपनीनं त्या सगळ्या भागातूनच अंग काढून घेतलं. मग बँकेच्या साहेबानं भिंग्याला समोर बसवून सांगितलं, "महिनाअखेर विम्याचा कागद आणा. नाहीतर सगळं कर्ज एकदम फेडा. तेही नाही जमलं, तर घर आम्ही विकणार." भिंग्या म्हणाला, साहेब, आजवर एक हप्ता चुकला नाही माझा. साहेब म्हणाला, नियम आहे. पाणीसुद्धा विचारलं नाही त्यानं.

"मग सांगून टाका ना काकूंना," बायको म्हणाली. ती दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीत बसायची, दिवसभर लोकांना 'नाही' म्हणायची तिला सवय होती. "मेणबत्त्या बंद करा, नाहीतर खोली सोडा. तुम्हाला जमत नसेल तर मी सांगते."

"जमत नाही कोण म्हणतं?" भिंग्या म्हणाला, आणि तसाच चपला घालून निघाला.

काकू म्हणजे ती भाडेकरू. नवरा केव्हाच गेलेला, मूलबाळ नाही, अंगानं काटकुळी, पण हात असे चालायचे की बघत राहावं. सगळी गल्ली तिला मेणबत्तीकाकू म्हणायची. वाढदिवसाच्या बारक्या रंगीत आणि लाईट गेल्यावर लागणाऱ्या जाड, अशा दोन्ही ती करायची आणि दुकानांना द्यायची. भाडं पहिल्या तारखेला हातावर. अशा बाईला 'निघा' म्हणायचं म्हणजे जीभ रेटायला हवी ना! भिंग्या अर्ध्या जिन्यात थांबला. वरून मेणाचा गोडसर वास येत होता. त्यानं मनात वाक्य जुळवलं, मोडलं, पुन्हा जुळवलं.

"वर ये की," काकू वरून म्हणाली. "जिना काय मोजतोयस?"

तो वर गेला, चहा प्यायला, मुलींसाठी दिलेल्या मेणबत्त्या खिशात घातल्या आणि खाली आला. सांगितलं काय? डोंबल!

बरं झालं म्हणा एका परीनं. दुसऱ्याच दिवशी त्यानं एका कंपनीला विचारलं, "समजा, घर मोकळंच असलं तर?" पलीकडचा माणूस म्हणाला, "मोकळ्या घराचा विमा आम्ही करतच नाही. नळ फुटला, चोर शिरला, तर बघणार कोण?" म्हणजे काकू राहिली तर विमा परवडत नाही, काकू गेली तर विमा मिळत नाही, आणि आपणच राहायला जावं तर भाड्याशिवाय हप्ता सुटत नाही. इकडे आड, तिकडे विहीर, आणि महिनाअखेर तोंडावर आलेली. त्या दुपारी भिंग्यानं एका गिऱ्हाइकाची उजवी काच डाव्या डोळ्याला बसवली. मालकानं सगळ्यांसमोर झापलं.

अडला हरी गाढवाचे पाय धरी, तसा शेवटी तो साडूकडे गेला. साडू विमा एजंट होता. भिंग्या त्याच्याकडे आधीच का नाही गेला? साडूकडे मदत मागायला कुठला शहाणा माणूस आधी जातो! एकदा मदत घेतली की पुढे प्रत्येक कार्यात ती चारचौघांत ऐकून घ्यावी लागते. साडूचं ऑफिस चपलांच्या दुकानावर होतं, एका खुर्चीचं. भिंग्या स्टुलावर बसला आणि त्यानं सगळं सांगितलं.

"एवढंच ना?" साडू दात कोरत म्हणाला. "घरमालकाच्या कुटुंबातलं माणूस राहत असेल, तर साधा घरगुती विमा होतो. अगदी किरकोळ पैसे. राहतं कोण म्हणालात?"

"काकू."

"झालं तर मग. काकू राहते म्हणून लिहू."

"अहो, माझी काकू नाही ती. सगळ्या गल्लीची काकू आहे."

"गल्लीत तुम्ही येत नाही का?" साडू खो खो हसला. मग एकदम गंभीर झाला. "पण काकू नको. काकू म्हटलं की तुमचं आणि तिचं आडनाव एक लागणार. तिथं पकडले जाऊ. मावशी करू. मावशीचं आडनाव कोण विचारतो?"

भिंग्याला हे पटलं नाही. खरं सांगायचं तर त्याला भीती वाटली. आयुष्यात त्यानं कुणाला चष्म्याचा खोटा नंबर लावून दिला नव्हता. पण खोटं न बोलता जायला कुठली वाट उरली होती? तो स्टुलावरून उठला, पुन्हा बसला आणि म्हणाला, "लिहा."

कंपनीची बाई घर बघायला येणार असं ठरलं. आदल्या संध्याकाळी भिंग्यानं काकूसमोर मान खाली घालून सगळं सांगितलं. काकूनं ऐकून घेतलं. रागावली नाही, हसलीही नाही.

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर घर बँक विकणार. नवा मालक येईल. तो तुम्हाला ठेवेल की नाही, मला माहीत नाही."

"म्हणजे मला विचारत नाहीयेस तू. सांगतोयस."

काकूनं हात पुसले आणि त्याच्यासमोर बसली. "बरं. मग तुझी आई कशी होती ते सांग. बहीण व्हायचं तर नीट होऊ दे."

भिंग्याची आई तो लहान असतानाच गेली होती. बायकोलाही त्यानं तिच्याबद्दल कधी फारसं सांगितलं नव्हतं. बोलायला बसला आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं, किती आठवतंय! आई चिडली की भांडी आपटायची नाही, उलट अगदी हळू ठेवायची, आणि घरात आवाज बंद झाला की सगळे कोपरे धरायचे. केस विंचरताना पिना दातांत धरून बोलायची, कुणाला काही समजायचं नाही. काकू मध्येमध्ये विचारत होती, आवाज कसा होता, रंग कोणता आवडायचा, तुला काय म्हणून हाक मारायची. हाकेचं तेवढं त्यानं सगळ्यात शेवटी सांगितलं.

मेणाची पातेली, साचे, वातीची रिळं असं सगळं पोत्यात भरून त्यानं आपल्या खोलीवर नेलं. बायकोनं कपाळाला हात लावला. मुलींच्या अंथरुणाला मेण लागलं, त्यावरून वेगळी बोलणी.

दुसऱ्या दिवशी कंपनीची बाई आली. तरुण होती, पण नजर तिखट. जिन्याचं लाकूड ठोकून बघितलं, विजेच्या तारा बघितल्या, शेगडीपाशी जाऊन नाक वर केलं.

"वास कसला येतोय? मेणाचा?"

भिंग्यानं घाईघाईनं खिडकी उघडली.

"इथं राहून बघा म्हणजे कळेल," काकू शांतपणे म्हणाली. "दिवसाआड लाईट जाते. मेणबत्त्या नाही लावायच्या तर डोळ्यांचे दिवे लावायचे?"

बाई हसली. भिंग्याच्या जिवात जीव आला, आणि त्या आनंदात तो बोलून गेला, "काकू, मॅडमना पाणी द्या ना."

झालं! बाईनं पेन उचललं. "काकू? अर्जात मावशी लिहिलंय."

"त्याचं असंच आहे पहिल्यापासून," काकू म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. "शेजारची पोरं मला काकू म्हणायची, त्यांच्यात हा वाढला. माझी बहीण रोज ओरडायची, अरे मावशी म्हण. ओरडायची म्हणजे काय, ती कधी ओरडली नाही. रागावली की भांडी अगदी हळू ठेवायची. आम्ही समजायचो, आज काही खरं नाही." ती थांबली. "शेवटी आजारी पडली तेव्हा पिना दातांत धरायची ताकद नव्हती तिला. मी तिचे केस विंचरायची. एक दिवस म्हणाली, माझ्या सोन्याकडे बघ हं. एकटा पडेल तो."

हे सगळं खोटं होतं. भिंग्याला ठाऊक होतं, कारण निम्मं त्यानंच काल सांगितलं होतं आणि उरलेलं झालंच नव्हतं. तरी त्याचे डोळे भरून आले. त्याला वाटलं, आई असं कुणाला तरी खरंच म्हणाली असती तर! तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

बाईनं पुढे काही विचारलं नाही. एक कागद तेवढा काकूपुढे ठेवला. काकू म्हणाली, "मोठ्यानं वाचा." बाईनं वाचलं: मी घरमालकाची सख्खी मावशी आहे, कुटुंबातली म्हणून इथं राहते, भाडं देत नाही, या घरात कुठलाही धंदा करत नाही. यातलं काही बदललं तर विमा रद्द होईल.

"पुन्हा वाचा," काकू म्हणाली.

"वाचायचं काय त्यात एवढं," भिंग्या घाईनं म्हणाला. "नेहमीचंच असतं ते." पण बाईनं पुन्हा वाचलं. काकूनं प्रत्येक शब्दाला मान हलवली आणि सावकाश सही केली.

विम्याचा कागद वेळेत आला. बँकेच्या साहेबानं तो उलटासुलटा करून बघितला आणि फाईलला लावला. भिंग्या बँकेच्या पायऱ्या उतरला तेव्हा त्याला इतकं हलकं वाटत होतं की त्यानं मुलींसाठी खाऊ घेतला, बायकोसाठी केसांचा चाप घेतला आणि साडूला स्वतःहून फोन केला. आता यापेक्षा जास्त आनंद तो काय दाखवणार?

पहिली तारीख आली. पोतं खांद्यावर घेऊन भिंग्या काकूकडे गेला. पातेली परत द्यायची, भाडं घ्यायचं आणि पुन्हा पहिल्यासारखं सुरू, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

जिन्यात वास नव्हता. खोली झाडूनपुसून लख्ख केलेली. काकू खिडकीपाशी बसली होती, ती उठली नाही.

"पातेली आणली," भिंग्या म्हणाला.

"कशाला?"

"म्हणजे? काम नाही का करायचं?"

"या घरात कुठलाही धंदा करत नाही, असं लिहून दिलंय मी. मेण तापवलं आणि भडकलं, तर विमा गेला, तुझं घर गेलं. मी खोटी सही करत नसते."

भिंग्या हसला. मग त्याच्या लक्षात आलं की काकू हसत नाहीये. "अहो, ते कागदापुरतं होतं. आणि… आज पहिली तारीख आहे."

"माहीत आहे मला. भाडं देत नाही, असंही त्यात होतं. भाडं घेतलंस तर मी भाडेकरू झाले. मग विमा कसला?"

भिंग्यानं पोतं खाली ठेवलं. त्याच्या डोक्यात सगळी गणितं एकदम सुरू झाली. भाडं मागावं तर विमा रद्द. काकूला घालवावं तर घर मोकळं, आणि आपण राहायला यावं तरी कागदात लिहिलेलं बदललं, विमा रद्द. कुणाकडे तक्रार करावी तर आधी आपण खोटं बोललो ते सांगायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार! त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

"तुम्ही मला अडकवलंत," तो म्हणाला. "मी तुम्हाला काकू काकू म्हणत आलो, आणि तुम्ही…"

"चीड हवं तर," काकू म्हणाली. तिचा आवाज वर चढला नाही, उलट खालीच आला. "पण ऐक. मागे तू अर्ध्या जिन्यात थांबला होतास ना? कशाला आला होतास ते मला कळलं होतं. त्या आधीच्या मालकाच्या वेळीही तसंच. इतकी वर्षं पहिली तारीख आली की मी जिन्याकडे कान लावून बसायची. पावलं वाजली की वाटायचं, आज सांगणार, निघा म्हणून. पैसे मुठीत धरून दारात उभी राहायची मी, तू बसायच्या आधी ते तुझ्या हातात पडावेत म्हणून. आज तुझी पावलं वाजली आणि मी जागची हलले नाही. पहिल्यांदाच रे. एवढं मिळालंय ते मी सोडू?"

भिंग्याला बोलायचं होतं पुष्कळ. कर्जाचा हप्ता कसा भरू, मुलींचं काय करू, माझा काय गुन्हा. पण त्याची मान वर होईना. आपण या बाईचा चहा दर महिन्याला पीत होतो आणि ती दर महिन्याला थरथरत होती, हे त्याला कधी दिसलंच नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटत असतानाच काकूचा संतापही आला. दोन्ही एकदमच.

"खाणार काय तुम्ही? धंदा बंद केल्यावर?" शेवटी त्यानं विचारलं.

"धंदा बंद कुठं केलाय? या घरात करणार नाही म्हटलं. पातेली तुझ्याकडे राहू देत. सकाळी येत जाईन. तुमच्या खोल्या भाड्याच्याच आहेत ना? मग काळजी त्या मालकाला." तिनं पोत्याचं तोंड पुन्हा नीट बांधून दिलं. "आणि सोन्या, मावशी म्हणायची सवय कर आता. चारचौघांत चुकशील."

ती त्याच्या आईची हाक होती. पोतं खांद्यावर घेऊन तो जिना उतरला.

घरी बायको दारातच उभी होती. "ही पातेली परत का आणली? आणि भाडं?"

भिंग्यानं सांगितलं. काही लपवलं नाही, सावरून घेतलं नाही. ऐकता ऐकता ती मुलींच्या अंथरुणाच्या गुंडाळीवर बसली. दवाखान्याच्या खिडकीत बसणारी बाई, तिला गोष्ट दोनदा सांगावी लागत नाही.

"घर तरी वाचलं ना?" तिनं विचारलं.

"वाचलं."

"मग आपण तिथं राहायला कधी जायचं?"

भिंग्या बराच वेळ पोतं ठेवायला जागा शोधत राहिला. शेवटी त्यानं ते मुलींच्या कपाटाशी टेकवलं.

"मावशी बोलवेल तेव्हा," तो म्हणाला.